प्रज्ञा सिस्टर बेटावर गेली तेव्हा

दवाखान्यात काम करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. केसपेपर साचतात तसे तेही साचत जातात. फरक इतकाच, की केसपेपर काही वर्षांनी रद्दीत जातात आणि किस्से जात नाहीत. निलंग्यातला आमचा दवाखाना तीस खाटांचा. मी तिथं सव्वीस वर्षं काढली, शेवटची बारा इन्चार्ज सिस्टर म्हणून. ड्यूटी रूममधल्या गप्पा लिहून ठेवल्या असत्या तर एक खोली भरली असती. पण आता जुनी माणसं कुठं लग्नाकार्यात भेटली की पाच मिनिटांत विषय एकाच ठिकाणी येतो. आपली प्रज्ञा सिस्टर बेटावर गेली, तेव्हाचा.

प्रज्ञा सोनकांबळे देवणीची. वडील ती लहान असतानाच गेले. आई सुंदरबाईंनी लोकांच्या रानात रोजानं जाऊन तिला नर्सिंगपर्यंत शिकवलं. प्रज्ञानं लग्न केलं नाही. आई आणि ती, दोघीच. हात इतका हलका, की लहान लेकराला सलाईन लावायचं असलं की तिलाच हाक मारायचो. पस्तिसाव्या वर्षी तिनं इंग्रजीची परीक्षा दिली, कॉम्प्युटरवर मुलाखत दिली आणि एक दिवस येऊन म्हणाली, "ताई, माझं झालं. नोकरी लागली. बेटावर."

बेट इंग्लंडच्या ताब्यातलं, पण इंग्लंडपासून हजारो किलोमीटर लांब, अमेरिकेच्या खालच्या अंगाला समुद्रात. त्याचं नाव आमच्यापैकी कुणाच्याच तोंडात बसलं नाही, म्हणून आम्ही शेवटपर्यंत 'बेट'च म्हणालो. लांबी किती, तर वीस किलोमीटर. आमचे अँब्युलन्स ड्रायव्हर बिराजदार मामा जरा विचार करून म्हणाले, "म्हंजे सायरन लावून निघालं की बंद करायच्या आत समुद्र."

*

पहिलं काम पासपोर्ट. प्रज्ञाचा जन्म लातूर जिल्हा झाला त्याच्या आदल्या साली. त्यामुळं जन्माच्या दाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद, तालुका उदगीर. रेशनकार्डावर जिल्हा लातूर, तालुका देवणी. चौकशीला आलेले पोलीस दादा कागद खालीवर करत बसले.

"तुमी मूळच्या नेमक्या कुठल्या? घर कितीदा बदललं?"

प्रज्ञा सांगायला लागली, तेवढ्यात सुंदरबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या.

"साहेब, माझा सासरा ह्याच घरात जन्मला, तवा जिल्हा बीदर होता. मी लगीन होऊन आले तवा उस्मानाबाद. ही रांगत होती तवा लातूर झाला. घर त्येच हाय, दारातला लिंब त्योच हाय. आमी कुठं गेलो न्हाई. जिल्हेच ये-जा करून राहिले."

दादांनी लिंबाकडं पाहिलं, मग कागदाकडं.

"आन् आता उदगीर जिल्हा होणार म्हंत्यात," सुंदरबाई म्हणाल्या.

दादांनी पटकन सही केली. "मग लवकर पासपोर्ट काढून घ्या, मावशी. उदगीर व्हायच्या आत."

*

मग बेटावरच्या हॉस्पिटलनं एक पुस्तिका पाठवली. तिथं सुरक्षित कसं राहावं, याची. वीस-बावीस पानं, सगळी इंग्रजीत. दुपारी पेशंट झोपले की प्रज्ञा वाचायची, मी मराठीत सांगायचे, आणि बिराजदार मामा व नसीममौसी ऐकायचे. नसीममौसी म्हणजे आमच्या वॉर्डाची आया. डॉक्टरसाहेबसुद्धा तिला विचारल्याशिवाय खाट हलवत नसत.

नारळाच्या झाडाखाली उभं राहू नका. लाल झेंडा असेल तर समुद्रात जाऊ नका. एकटीनं पोहू नका. वादळाचा इशारा आला तर खिडक्यांना फळ्या ठोका, तीन दिवसांचं पाणी भरून ठेवा.

"तीनच दिवसांचं?" मौसीनं विचारलं. त्या उन्हाळ्यात आमच्याकडं टँकर आठव्या दिवशी यायचा.

पुढचं पान उन्हाचं. दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नका, डोकं झाका, तहान नसली तरी पाणी प्या.

मामा म्हणाले, "हे निलंग्याचंच लिहिलंय की."

त्याच्या पुढचं पान डासांचं. डेंग्यू असतो, मच्छरदाणी लावा, पाणी साचू देऊ नका. वाचून झालं. प्रज्ञाचा चेहरा थोडा उतरलेला. मामांनी तिच्याकडं बघितलं आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, "डास हाईत ना, अव्वा? मग करमंल तुला."

मामा सीमेवरच्या गावचे, घरी कानडी बोलायचे. ज्या सिस्टरवर माया, तिला 'अव्वा', म्हणजे आई, म्हणायचे.

*

त्या पुस्तिकेतल्या पोहण्याच्या पानानं मात्र आमची झोप उडवली. प्रज्ञाला पोहता येत नव्हतं. मामा मांजरेकाठचे, लहानपणी पुरात उड्या मारलेले. ते म्हणाले, "महिना हाय हातात. मी शिकवतो."

शिकवणार कुठं? लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तो उन्हाळा. मांजरेच्या कोरड्या पात्रात माणसं पाण्यासाठी झिरे खणत होती. मामांच्या रानातल्या विहिरीला बावन्न पायऱ्या आहेत हे त्या वर्षी पहिल्यांदा कळलं, कारण सगळ्या उघड्या पडल्या होत्या. प्रज्ञा खाली उतरली. तळाला गुडघाभर पाणी. मामा वरून ओरडले, "आता अंग सोड." खालून आवाज आला, "कुठं सोडू मामा?"

दुसऱ्या दिवसापासून शाळा वॉर्डात भरली. सहा नंबरची खाट रिकामी होती. प्रज्ञा तिच्यावर पालथी पडायची, हातपाय मारायची, आणि मामा उशाशी उभे राहून सांगायचे, "श्वास घे. तोंड बाजूला. पाय ताठ. अव्वा, पाणी हाय समज."

चौथ्या दिवशी सकाळी राउंडला आलेले डॉक्टरसाहेब दारातच थांबले. सात नंबरची म्हातारी, आठ नंबरची बाळंतीण तेवढी सोडून तिच्या शेजारच्या खाटेवरची मामी, आणि पलीकडच्या गुडघेदुखीच्या दोघी, सगळ्या पालथ्या पडून हात मारत होत्या. सिस्टर करतेय म्हणजे व्यायामच असणार, असं त्यांनी आपापसांत ठरवलं होतं. सात नंबरची म्हातारी तर म्हणाली, "साहेब, कंबर मोकळी झाली बगा."

मी काहीतरी बोलणार होते. डॉक्टरसाहेबांनी हातानं थांबवलं. थोडा वेळ बघून ते म्हणाले, "चालू दे. सध्या अख्ख्या जिल्ह्यात पोहणारा हा एकच वॉर्ड आहे."

*

निघायच्या दिवशी नसीममौसी हिरव्या कापडाची पट्टी घेऊन आली. प्रवासाला जाणाऱ्याच्या दंडावर बांधतात ती. आत एक नाणं असतं. माणूस सुखरूप पोचला की ते नाणं गरजवंताला द्यायचं.

प्रज्ञाच्या घरात बुद्धवंदना होते, गंडा-ताईत कधी शिरला नाही. ती संकोचून म्हणाली, "मौसी, राग मानू नका. मी हे मानत नाही."

मौसी म्हणाली, "तू नक्को मान. मानना मेरा काम हाय. तू सिरफ हात दे."

प्रज्ञानं हात दिला.

मुंबईच्या विमानतळावर तपासणीत ते नाणं वाजलं. तपासणाऱ्या बाईंनी पट्टी सोडली, नाणं बघितलं, आणि काही न विचारता स्वतःच परत बांधून दिली. हे प्रज्ञानं पोचल्यावर फोनवर सांगितलं. इथं संध्याकाळी आम्ही चहाला बसलो की तिथं सकाळ व्हायची. फोन माझ्या मोबाइलवर यायचा आणि मग सगळ्यांच्या हातांतून फिरायचा.

आठवडा गेला, मौसीनं विचारलं, "दिया क्या वो पैसा?"

"मौसी, कुणाला देऊ? इथं मागणारं माणूसच दिसत नाही. चर्चपाशी बघितलं, बाजारात बघितलं. बंदरावर एक म्हातारा बसलेला दिसला, त्याला द्यायला गेले तर त्यानंच मला मासा दिला."

मौसी मग म्हणाली, "तो अभी छोडू नक्को. जब तक कोई मिलता नई, दंडाला राहू दे."

*

पहिल्या महिन्यात तिचा आवाज फोनवर जरा जडच असायचा. आम्ही मुद्दाम काहीबाही विचारत राहायचो. एकदा मी म्हटलं, "पाण्याचं तरी सुख असेल की गं. चारी बाजूंनी पाणी."

"ताई, खारं आहे सगळं. इथं नदी नाही, विहीर नाही. छतावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवतात, तेच वर्षभर. माझ्या खोलीत नळाच्या वर बोर्ड लावलाय, पाणी जपून वापरा."

फोन स्पीकरवर होता. मामा चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "म्हंजे नुसती बदली झाली म्हण. सुटका न्हाई."

त्या दिवशी ती पहिल्यांदा मोठ्यानं हसली. हसता हसता रडायलाही लागली. मौसीनं फोन हातात घेतला आणि ती थांबेपर्यंत तसाच धरून ठेवला.

*

पुढच्या वर्षी भाद्रपदात एका संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज शांत, पण घाईचा. "ताई, मोठं वादळ येतंय. दरवर्षी येतात, पण हे मोठं आहे. आमची सगळ्यांची ड्यूटी हॉस्पिटलमध्येच लावलीय. फोन लागला नाही तर काळजी करू नका. आईला सांगू नका."

मी सांगितलं नाही. पण देवणीतही टीव्ही आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं सुंदरबाई निलंग्यात हजर. हातात कापडी पिशवी. म्हणाल्या, "तिचा फोन तुमच्याकडं येतो न्हवं? मग मी हितंच बसते."

आणि त्या बसल्या. वॉर्डाबाहेरच्या बाकावर. फोन लागत नव्हता. टीव्हीवर तिसऱ्या दिवसापासून वादळाचं नाव निघायचं बंद झालं. आमच्या बेटाचं नाव तर त्यांनी एकदाही घेतलं नव्हतं. मौसी काम आटपलं की त्यांच्या शेजारी येऊन बसायची. ही तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटायची, त्या त्यांच्या. जेवायला मौसी त्यांना घरी घेऊन जायची. दोघींनी चार घास खाल्ले की आम्हाला बरं वाटायचं.

चौथ्या दिवशी सुंदरबाईंनी विचारलं, "हाय तरी कुठं त्ये?" डॉक्टरसाहेबांनी त्यांच्या मोबाइलवर नकाशा काढून दिला. निळ्या पाण्यात एक ठिपका. सुंदरबाईंनी नीट दिसावं म्हणून बोट टेकवलं, आणि ठिपका बोटाखाली गेला.

"झाकलं की ओ," मामा म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या जरा," त्या म्हणाल्या. डॉक्टरसाहेबांना पुढचे पेशंट होते. पण फोन मागायला ते आले नाहीत.

*

मामांचं वेगळंच. त्या दिवसांत ते सकाळी आले की आधी अँब्युलन्स पुसायचे, हवा बघायचे, टाकी फुल्ल करून आणायचे. एरवी त्यांना दोनदा सांगावं लागायचं. पाचव्या दिवशी मी विचारलं, "मामा, कुठं जायचंय?"

मामांनी बॉनेट बंद केलं. फडक्याला हात पुसत राहिले.

"कुठं न्हाई, सिस्टर. पण डिझेल असल्यालं बरं."

*

सहाव्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास अनोळखी, लांबलचक नंबरावरून फोन आला. "ताई, मी बरी आहे. सॅटेलाइट फोन आहे, एकच आहे, प्रत्येकाला एक मिनिट दिलंय. आई आहे का?"

मी धावत बाकापाशी गेले आणि फोन सुंदरबाईंच्या कानाला लावला. आम्ही सगळे भोवती उभे. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला. ओठ हलले, पण शब्द निघाला नाही. तिकडूनही काही ऐकू येत नव्हतं. मी खुणेनं सांगत होते, बोला, बोला. त्या फक्त ऐकत होत्या.

फोन बंद झाला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"काय न्हाई."

"मग तुम्ही काय बोलला?"

"म्या बी काय न्हाई." त्यांनी फोन पदरानं पुसून माझ्या हातात दिला. "श्वास चांगला चालू हाय. दम लागल्याला न्हाई."

मग त्यांनी पिशवी उचलली आणि देवणीची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.

*

वादळात काय झालं ते पुढं तुकड्यातुकड्यानं कळलं. हॉस्पिटलच्या एका बाजूचं छत उडालं. पेशंट मधल्या बोळात आणून ठेवले. तीन दिवसांत रस्ते मोकळे होतील म्हणत होते, लागले नऊ.

पण पाणी पुरलं. कारण इशारा आल्याबरोबर प्रज्ञानं दिसेल ते भांडं भरायला घेतलं होतं. बादल्या, टब, औषधाचे रिकामे कॅन, स्वयंपाकघरातली पातेली, फुलदाण्यासुद्धा. तिथल्या नर्सेस हसत होत्या, की एवढं कशाला. ती भरतच राहिली. घाईत चिकटपट्टीवर चिठ्ठ्या लिहून लावल्या, त्याही मराठीत. 'प्यायचं', 'वापरायचं', 'मोरीचं'. भांडी घासलेलं पाणी टाकून दिलं तर ती अंगावर यायची. ते मोरीच्या बादलीत जायचं.

चौथ्या दिवसापासून कुणी हसलं नाही. वॉर्डाच्या मुख्य नर्स, साठीच्या जाडजूड बाई, बोळाच्या टोकाला उभ्या राहून ओरडायच्या, "प्रग्या, धिस वन, वापराय्चं?"

प्रज्ञा म्हणते, वादळ जाऊन वर्ष झालं तरी तिथं बादलीला तेच नाव आहे. नवीन आलेल्या मुलींना वाटतं, तो बेटावरचाच शब्द आहे.

*

ती रजेवर आली ते त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. पहिल्या दिवशी आईला घेऊन दवाखान्यात आली. सगळ्यांसाठी काही ना काही आणलं होतं, आणि एक बंद पाकीट. वर फक्त 'प्रज्ञाच्या आईसाठी' असं इंग्रजीत लिहिलेलं.

"मिस रोझचं आहे," प्रज्ञा म्हणाली. "म्हणाली, तू उघडू नकोस, आईलाच दे."

मिस रोझचं आम्हाला माहीत होतं. खुब्याचं हाड मोडलेली ऐंशी वर्षांची पेशंट. वादळाच्या वेळी तिला बोळातही नेता येईना, म्हणून चादरी ठेवायच्या खोलीत हलवली, आणि प्रज्ञा रात्रभर तिच्याजवळ बसली. फोनवर तिनं एवढंच सांगितलं होतं, की म्हातारी फार घाबरली होती, मी तिचा हात धरून बसले.

सुंदरबाईंनी पाकीट माझ्याकडं दिलं. "वाचा सिस्टर. समद्यांदेखत वाचा."

मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. अक्षर थरथरतं होतं, पण स्वच्छ.

'प्रिय बाई, मी आयुष्यात पाच मोठी वादळं पाहिली आहेत, म्हणून मला भीती वाटत नव्हती. तुमची मुलगी मात्र फार घाबरली होती. छत उडालं तेव्हा ती माझ्या खाटेवर चढून माझ्याजवळ आली आणि तिनं माझा हात धरला. ती तुम्हाला हाका मारत होती. मी तिला आमच्याकडची लहान मुलांची गाणी म्हणून दाखवली. मला येत होती तेवढी सगळी म्हटली. पण पहाटेपर्यंत तिला झोप लागली नाही. हे तिनं तुम्हाला सांगितलं नसणार. तुमच्या जागी मी होते, एवढं तुम्हाला कळावं म्हणून लिहिते.'

मी थांबले. प्रज्ञा उठली. "मी चहाचं सांगून येते," म्हणाली आणि कुणाकडं न बघता बाहेर गेली. मौसी भिंतीकडं तोंड करून चादरीच्या घड्या घालायला लागली. मामा खिडकीतून अँब्युलन्स बघत होते.

सुंदरबाई मग पुढं सरकून बसल्या.

"कागद घ्या सिस्टर. लिवा त्या बाईला."

मी पॅड घेतलं.

"लिवा, की ती गाण्यानं झोपत न्हाई. पयल्यापासूनच न्हाई. तिला कुशीवर घ्यायचं आन् पाठीवर थोपटायचं. लई जोरात न्हाई. भाकरी थापताना शेवटाला हात पडतो, तेवढाच."

'थोपटणं' इंग्रजीत कसं लिहायचं ते मला सुचेना. जमेल तसं लिहिलं. मग माझ्या मनात आलं, की ही चिठ्ठी तिथं कुणी वाचली तर एखाद्या लहान लेकराबद्दल आहे असं वाटायचं.

"सुंदरबाई, तिचं वय लिहू का? छत्तीस म्हणून?"

"वय कशाला?" सुंदरबाई म्हणाल्या. "कूस लिवा. डावी."